लिनक्सचा फुल बॅकअप: टूल कुठलं घ्यायचं आणि झोपलेलं मशीन परत उठवायचं कसं

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा सपोर्ट संपला आणि तेव्हापासून आमच्या कोथरूडात ज्याच्या त्याच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्सचं मिंट नाहीतर उबुंटू दिसायला लागलंय. चांगलंच आहे, चालू मशीन भंगारात घालण्यापेक्षा केव्हाही बरं. पण थोडे दिवस गेले की त्यातल्या प्रत्येकाचा तोच प्रश्न येतो, बॅकअपला बेस्ट टूल कुठलं? मग कोणी सांगतं क्लोनझिला, कोणी टाइमशिफ्ट, एखादा जुना खोंड सांगतो डीडी मार की सरळ, आणि विचारणारा होता त्यापेक्षा जास्त गोंधळून जातो. खरी भानगड अशी आहे की ही टूलं एकमेकांची कॉम्पिटिशन नाहीतच, प्रत्येकाचं काम वेगळं. त्यामुळे डाउनलोड बटण दाबायच्या आधी हे ठरवा की काय गेलं तर काय परत पाहिजे. बॅकअप घेणं सगळ्याच टूलना येतं हो, परत कसं आणतात ते बघून टूल निवडायचं.

खाली लिहिलंय ते घरच्या किंवा कॉलेजच्या लॅपटॉपसाठी आहे, ऑफिसचे सर्व्हर डोळ्यापुढे नाहीत.

पायरी १: नक्की कशाची भीती आहे?

घरच्या मशीनची वाट साधारण तीन प्रकारे लागते.

एक, अपडेट मारलं किंवा एनव्हिडियाचा ड्रायव्हर बदलला, रीस्टार्ट केलं आणि समोर काळी स्क्रीन. डिस्क ठणठणीत आहे, फोटो-डॉक्युमेंट जागेवर आहेत, फक्त सिस्टम गंडलीय. इथे स्नॅपशॉट (सिस्टमची त्या क्षणाची कॉपी, जिच्यावर परत जाता येतं) लागतो, म्हणजे टाइमशिफ्टसारखं टूल, आणि बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटांत माणूस परत कामाला लागतो.

दोन, एसएसडीच मेली किंवा लॅपटॉप स्वारगेटला बसमध्ये राहिला तो राहिलाच. आता स्नॅपशॉट त्याच डिस्कवर असेल तर तोही गेला. इथे अख्ख्या डिस्कची इमेज (डिस्कची जशीच्या तशी कॉपी, फाइलच्या रूपात) पाहिजे, बाहेरच्या डिस्कवर ठेवलेली, क्लोनझिला किंवा रेस्क्यूझिलाने काढलेली.

तीन, आणि सगळ्यात जास्त वेळा हेच होतं, रिपोर्टच्या फाइलवर चुकून दुसरंच काहीतरी सेव्ह केलं किंवा फोल्डर उडवला आणि ते चार दिवसांनी लक्षात आलं. यासाठी अख्खी इमेज रिस्टोअर करणं म्हणजे वेडेपणा आहे, इथे फाइलींचा रोजचा बॅकअप लागतो, ज्यात मागच्या तारखांच्या कॉप्या पण राहतात.

बहुतेक लोकांना तिन्ही लागतात. घाबरू नका, तिन्ही फुकट आहेत आणि एका बाहेरच्या डिस्कवर मावतात.

पायरी २: आपल्या मशीनमध्ये काय आहे ते बघा

टर्मिनल उघडून एलएसबीएलके टाइप करा, स्पेस द्या, डॅश एफ लिहा आणि एंटर मारा (सगळी अक्षरं स्मॉल, इंग्रजीत). मेनूतलं डिस्क्स नावाचं अ‍ॅपही उघडा, तेच चित्ररूपात आणि डिस्कच्या साइजसकट दिसतं. बघायचं काय, तर डिस्क किती जीबीची, पार्टिशनं (डिस्कचे भाग) किती आणि मुख्य पार्टिशन एक्स्ट४ आहे का बीटीआरएफएस (या दोन्ही लिनक्सच्या फाइल सिस्टम, म्हणजे डिस्कवर फाइली मांडायच्या पद्धती). मिंट-उबुंटूने इन्स्टॉलच्या वेळी स्वतःहून केलेलं पार्टिशन बहुधा एक्स्ट४ असतं, फेडोरा वर्कस्टेशनमध्ये २०२० पासून डिफॉल्ट बीटीआरएफएस आहे. सुरुवातीला काही शे एमबीचं फॅट३२ पार्टिशन दिसेल ते ईएफआय, त्यात बूट करायची फाइल असते, छोटं आहे म्हणून बॅकअपमधून वगळायचं नाही, ते नसेल तर बाकी सगळं परत येऊनही मशीन उठणार नाही.

इन्स्टॉल करताना डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तर तिथे एलयूकेएस असं दिसेल. हे लक्षात ठेवा, कारण लॉक असलेल्या पार्टिशनमधलं रिकामं कुठलं आणि भरलेलं कुठलं हे इमेज टूलला कळत नाही, मग ते सगळीच्या सगळी जागा कॉपी करत बसतं, ५१२ जीबीमधले ६० वापरलेत तरी बॅकअपला ५१२ मोजावे लागतात. विंडोजही शेजारी ठेवलं असेल आणि त्यावर बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावायचं कुलूप) असेल तर त्याचंही तसंच, आणि त्याची रिकव्हरी की आधी मायक्रोसॉफ्ट अकाउंटमधून काढून कागदावर लिहा.

या स्क्रीनचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मशीन बंद पडल्यावर आपली पार्टिशनं कशी होती ते कोणालाच आठवत नाही.

पायरी ३: डिस्क आणि पेनड्राइव्ह

दोन वस्तू लागतात, एक बाहेरची हार्डडिस्क किंवा एसएसडी आणि एक ८ जीबीचा पेनड्राइव्ह. आपली वापरलेली जागा बघा आणि तिच्या दोन-तीन पट मोठी डिस्क घ्या, १ टीबी बहुतेकांना रग्गड होते. पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात गेलात तर घासाघीस जरूर करा पण बिल आणि वॉरंटी असलेलीच वस्तू घ्या. शे-पाचशे रुपयांत २ टीबीचा पेनड्राइव्ह कोणी दाखवला तर हसून पुढे जायचं, असले पेनड्राइव्ह आकडा २ टीबीचा दाखवतात आणि आतली खरी जागा संपली की पुढचा डेटा गुपचूप वाया घालवतात. शंका असेल तर एफ३ नावाचं छोटं टूल आहे, ते पूर्ण पेनड्राइव्ह लिहून-वाचून खरी जागा सांगतं. वेळ लागतो, पण बॅकअपच्या डिस्कवर तेवढा वेळ घालवायलाच पाहिजे.

नवी डिस्क आली की ती बहुतेक एक्सफॅट किंवा एनटीएफएस असते. ती एक्स्ट४ करून घ्या, डिस्क्स अ‍ॅपमधून दोन मिनिटांचं काम आहे. कारण टाइमशिफ्टला लिनक्सचीच फाइल सिस्टम लागते, एक्सफॅटवर लिनक्सच्या परमिशन आणि मालकी टिकत नाहीत. म्हणूनच सिस्टमचे फोल्डर नुसते कॉपी-पेस्ट करून एक्सफॅटवर ठेवले तर ते परत आणून काही उपयोग नसतो, दिसतात सगळे पण चालत नाहीत. विंडोजवाल्यांना फाइली द्यायच्या असतील तर त्याच डिस्कवर थोडा भाग एक्सफॅट ठेवा.

पायरी ४: टाइमशिफ्ट लावा, आजच

मिंटमध्ये आधीपासून असतं, उबुंटूत सॉफ्टवेअर सेंटरमधून येतं. उघडलं की विचारेल आरसिंक (फाइली कॉपी करायची पद्धत) का बीटीआरएफएस. एक्स्ट४ असेल तर आरसिंक घ्या. बीटीआरएफएस मोड झटक्यात स्नॅपशॉट काढतो पण तो त्याच डिस्कवर राहतो आणि त्याला उबुंटूसारखी सबव्हॉल्यूमची (पार्टिशनच्या आतल्या कप्प्यांची) नावं लागतात, फेडोराची वेगळी असतात म्हणून तिथे अडतं. ओपनसूसे वापरत असाल तर तिथे स्नॅपर आधीच लावलेलं असतं, बूट मेनूतूनच जुना स्नॅपशॉट निवडता येतो, ही पायरी सोडा.

पुढे जागा विचारेल, तिथे बाहेरची डिस्क. मग वेळापत्रक. बाहेरची डिस्क कायम जोडलेली नसते त्यामुळे वेळापत्रक लावून फारसा उपयोग नाही, अपडेट मारायच्या आधी डिस्क जोडायची आणि क्रिएट दाबायचं ही सवय जास्त कामाची. आतल्या डिस्कवर भरपूर जागा असेल तर तिथे रोजचे दोन-तीन ठेवायला हरकत नाही, पण आकडा कमी ठेवा, नाहीतर डिस्क भरून मशीन लॉगिनच घेत नाही आणि बॅकअपनेच घोळ घातला असं होतं. पहिला स्नॅपशॉट सिस्टमएवढा मोठा असतो, पुढचे लहान, कारण न बदललेल्या फाइली तो परत कॉपी करत नाही, हार्डलिंकने जुन्याच वापरतो.

आता खरा मुद्दा. टाइमशिफ्ट तुमचा होम फोल्डर डिफॉल्टने घेत नाही, आणि ते बरोबर आहे, ते बदलू नका. मागच्या आठवड्याचा स्नॅपशॉट लावला आणि त्याबरोबर तुमचा असाइनमेंटही मागच्या आठवड्याचा झाला तर चालेल का? म्हणजेच टाइमशिफ्ट आहे म्हणून फोटो सुरक्षित आहेत असं समजू नका, तो तुमच्या फोटोंकडे बघतही नाही.

याची उलटी बाजू इंजिनिअरिंगवाल्यांनी नीट वाचा. मायएसक्यूएलचा डेटाबेस होममध्ये नसतो, तो सिस्टमच्या व्हार फोल्डरमध्ये असतो. म्हणजे प्रोजेक्टचा डेटा भरत बसलात, मग ड्रायव्हर गंडला म्हणून पंधरा दिवसांपूर्वीचा स्नॅपशॉट रिस्टोअर केला, तर सिस्टम छान उठेल आणि डेटाबेसही पंधरा दिवस मागे जाईल, तुमचा सगळा भरलेला डेटा गायब. रिस्टोअर दाबायच्या आधी डेटाबेसचा डंप (सगळ्या डेटाची एका फाइलीत कॉपी) काढून होममध्ये ठेवायचा. ग्राफिकल स्क्रीन येत नसली तरी कंट्रोल-ऑल्ट-एफ३ दाबून काळ्या स्क्रीनवर लॉगिन करून डंप काढता येतो, आणि टाइमशिफ्टचं रिस्टोअरही तिथूनच चालतं. तेही जमलं नाही तर मिंटच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून (इन्स्टॉल न करता पेनड्राइव्हवरूनच चालणारं मिंट) बूट करा, त्यात टाइमशिफ्ट असतंच, ते उघडून बाहेरच्या डिस्कवरचा स्नॅपशॉट दाखवायचा.

मिंटच्या एका मोठ्या व्हर्जनवरून पुढच्यावर जाताना, म्हणजे २१ वरून २२ वगैरे, अपग्रेडचं टूलच आधी टाइमशिफ्टचा स्नॅपशॉट मागतं. ते मागण्यामागे कारण आहे, कंटाळून बायपास शोधू नका.

पायरी ५: अख्ख्या डिस्कची इमेज

इथे नव्या माणसाला माझा सल्ला सरळ आहे, आधी रेस्क्यूझिला बघा. क्लोनझिला तैवानच्या सरकारी कॉम्प्युटिंग सेंटरमध्ये तयार झालेलं, फार वर्षांचं आणि भरवशाचं टूल आहे, पण त्याच्या निळ्या-करड्या स्क्रीनवर एकामागून एक प्रश्न येतात आणि नवा माणूस तिसऱ्या प्रश्नाला घाम पुसायला लागतो. रेस्क्यूझिला माऊसने चालतं आणि त्याची इमेज क्लोनझिलालाही वाचता येते, म्हणजे उद्या एक चाललं नाही तर दुसऱ्याने उघडता येते. टूल निवडताना मी ही गोष्ट सगळ्यात वर धरतो.

करायचं कसं. रेस्क्यूझिलाची आयएसओ फाइल उतरवा, मिंटच्या यूएसबी इमेज रायटरने किंवा बलेना एचरने पेनड्राइव्हवर लिहा (पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जाईल). मशीन बंद करून चालू करताना बूट मेनूची की दाबत राहा, डेल आणि लेनोव्होला बहुधा एफ१२, एचपीला एफ९. पेनड्राइव्ह निवडा. उठत नसेल तर बायोसमध्ये (मशीन चालू होतानाच्या सेटिंगमध्ये) सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करून बघा, मात्र बिटलॉकरवाल्यांनी रिकव्हरी की हाताशी असल्याशिवाय याला हात लावू नका.

मग बॅकअप, मग डिस्क निवडायची. इथे घाई नको. डिस्कची नावं एसडीए, एसडीबी, एनव्हीएमई अशी असतात आणि पेनड्राइव्हवरून बूट केल्यावर ती बदलू शकतात, त्यामुळे नावावर जाऊ नका, साइज आणि कंपनीचा मॉडेल नंबर बघा. सगळ्या पार्टिशनांवर टिक, ते पिटुकलं ईएफआयसुद्धा. कुठे ठेवायचं, तर बाहेरची डिस्क. नावात तारीख आणि लॅपटॉपचं नाव घाला. चार्जर लावलेला असू द्या, आणि डेस्कटॉपला यूपीएस नसेल तर पुण्यात हे काम गुरुवारी, म्हणजे विजेच्या मेंटेनन्सच्या दिवशी, काढू नका, लाईट कधी जाईल सांगता येत नाही. शेवटी इमेज तपासण्याचा पर्याय असतो, वेळ जास्त लागला तरी तो चालवा.

क्लोनझिलातच करायचं असेल तर क्रम असा: डिव्हाइस-इमेज, लोकल डिव्हाइस, बिगिनर मोड, सेव्हडिस्क. रिस्टोअरला तिथेच रिस्टोअरडिस्क. रिस्टोअर करताना ते दोनदा विचारतं की खरंच पुसू का, वाय दाबू का. दुसऱ्यांदा विचारतं तेव्हा हात मांडीवर ठेवून साइज आणि मॉडेल परत वाचा, वर लिहिलेलं असतं.

दोन अडचणी हमखास येतात. एक, ५१२ जीबीच्या डिस्कची इमेज ५०० किंवा ४८० जीबीच्या डिस्कवर सरळ बसत नाही, आत ४० जीबीच डेटा असला तरी. टूल डेटा बघत नाही, डिस्कची लांबी बघतं. त्यामुळे नवी एसएसडी घेताना तेवढीच किंवा मोठी घ्या, दुकानदार सेमच आहे म्हणाला तरी आकडा स्वतः वाचा. मोठी घेतली तर उरलेली जागा नंतर जीपार्टेड नावाच्या टूलने वाढवून घेता येते. दोन, ड्युअल बूट असेल तर विंडोज नीट बंद झालेलं नसतं, फास्ट स्टार्टअपमुळे ते अर्धवट झोपलेलं असतं आणि इमेज काढताना एनटीएफएसवर एरर येते. विंडोजमध्ये जाऊन शिफ्ट दाबून शट डाउन करा, मग इमेज काढा.

आणि डिस्क-टू-डिस्क क्लोन केलात तर जुनी आणि नवी दोन्ही एकदम जोडून मशीन चालू करू नका. दोघींचा यूयूआयडी (पार्टिशनची ओळख सांगणारा नंबर) एकच असतो, सिस्टमला कळत नाही कुठली उघडायची, आणि तुम्ही नव्या डिस्कवर आहात असं समजून जुन्यावरच काम करत बसता.

इमेज रोज काढायची वस्तू नाही. सिस्टम मनासारखी लावून झाली की एक, आणि मोठ्या अपग्रेडच्या आधी एक, एवढं पुरतं. क्लोनझिला दरवेळी पूर्णच घेतं, नुसता बदललेला भाग घ्यायची सोय त्यात नाही.

डीडीबद्दल एवढंच, ते रिकामी जागाही कॉपी करतं आणि इनपुट-आउटपुटची नावं उलटी पडली तर बॅकअपच्या डिस्कवरून मूळ डिस्क पुसतं. नव्या माणसाने वाटेला जाऊ नये. पण डिस्क मरायला टेकली असेल, म्हणजे डिस्क्स अ‍ॅपमध्ये स्मार्टचा, म्हणजे डिस्कच्या तब्येतीचा, रिपोर्ट लाल दाखवत असेल, तर क्लोनझिलाही नको आणि डीडीही नको, डीडीरेस्क्यू वापरा. ते वाचता येणारा भाग आधी उचलतं, खराब भागाची नोंद ठेवतं आणि नंतर परत प्रयत्न करतं.

पायरी ६: रोजच्या फाइली

उबुंटूत बॅकअप्स नावाने मिळणारं देजा डूप, ग्नोममध्ये छान बसणारं पिका बॅकअप, नाहीतर बॅक इन टाइम, यातलं जे डोळ्याला सोपं वाटेल ते घ्या, इथे मी भांडणार नाही. थोडा फरक असा की बॅक इन टाइमचा बॅकअप साध्या फोल्डरसारखा असतो, कुठल्याही फाइल मॅनेजरने उघडतो. पिकाच्या आत बोर्ग आहे, तो एकसारखा डेटा एकदाच साठवतो आणि पासवर्डने कुलूप लावतो, जागा खूप वाचते पण उघडायला पिका किंवा बोर्गच लागतं. पासवर्ड विसरलात तर मात्र कोणीही, अगदी टूल बनवणाराही, तो डेटा देऊ शकत नाही. तो पासवर्ड त्याच लॅपटॉपमधल्या नोट्समध्ये ठेवणारे लोक आहेत, तसं करू नका, घरात रेशनकार्ड आणि लाईट बिलाची फाइल असते ना, त्यात कागदावर लिहून ठेवा.

गुगल ड्राइव्ह किंवा सिंकथिंग लावलंय म्हणजे झालं असं बरेच जण म्हणतात. सिंक म्हणजे इथे डिलीट केलं की तिथेही डिलीट. गुगल ड्राइव्हच्या कचरापेटीत काही दिवस राहतं, पण त्या भरवशावर बीईचा प्रोजेक्ट ठेवायचा का ते तुम्ही बघा.

जमलं तर एक कॉपी घराबाहेर. क्लाउडला पैसे द्यायचे नसतील तर दुसरी डिस्क चिंचवडला मावशीकडे ठेवा आणि सणावाराला जाल तेव्हा बदला, एन्क्रिप्ट केलेली असली म्हणजे मावसभावाची चिंता नाही.

पायरी ७: परत आणून बघा

आधी सोपं. देजा डूप किंवा पिकामधून एक जुनी फाइल वेगळ्या फोल्डरमध्ये परत आणा आणि उघडून बघा. मग रेस्क्यूझिलाच्या पेनड्राइव्हवरून बूट करून बाहेरची डिस्क आणि त्यावरची इमेज दिसते का बघा, माऊस-कीबोर्ड चालतो का तेही. जुनी एखादी एसएसडी पडून असेल, आकाराने पुरेशी, तर तिच्यावर इमेज खरोखर उतरवा. मूळ डिस्क तेव्हा काढून ठेवा, म्हणजे चुकूनही तिच्यावर लिहिलं जाणार नाही.

इमेज उतरली पण मशीन बूट होत नाही, असं झालं तर लगेच धीर सोडू नका, डेटा बहुतेक जागेवर असतो. डिस्क बदलल्यावर यूईएफआयच्या (नव्या पद्धतीच्या बायोसच्या) यादीतून लिनक्सची नोंद गेलेली असते, एवढंच. बायोसमध्ये जाऊन बूट ऑर्डर बघा. तिथे नाव दिसत नसेल तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून बूट-रिपेअर चालवा, ते ग्रब (लिनक्स सुरू करून देणारा प्रोग्राम) परत बसवतं. मात्र लाइव्ह पेनड्राइव्ह यूईएफआय मोडमध्येच उठवलेला पाहिजे, लेगसीमध्ये (जुन्या बायोसच्या पद्धतीने) उठवला तर ग्रब चुकीच्या पद्धतीने बसतो आणि परत तेच. दुसऱ्याच कंपनीच्या लॅपटॉपवर इमेज टाकली तरी लिनक्स सहसा उठतं, कारण ड्रायव्हर कर्नलमध्येच असतात, त्रास दिला तर एनव्हिडियाच देतं.

इथेही अडलात तर मदत मागताना नुसतं "बूट होत नाही" म्हणू नका. पायरी २ मध्ये काढलेला तो पार्टिशनचा फोटो, एरर आलेल्या स्क्रीनचा फोटो, मशीन यूईएफआय आहे का लेगसी, आणि शेवटचं काय केलं होतं, हे चार तपशील द्या. पुण्यात प्लग म्हणजे पुणे लिनक्स यूझर्स ग्रुपची मंडळी आहेत, मराठीत विचारलं तरी चालतं. आणि उत्तर येईपर्यंत त्या डिस्कवर परत इन्स्टॉल मारू नका.